नवी डिस्क बसवली, पण संगणकाला ती दिसत नाही

नवी एसएसडी किंवा हार्ड डिस्क बसवून संगणक सुरू केला आणि ‘धिस पीसी’मध्ये ती कुठेच दिसली नाही, की डिस्कच खराब निघाली असा समज लगेच होतो. तो क्वचितच खरा ठरतो. ‘दिसत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. कधी डिस्क बायोसलाच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रामला) दिसत नाही, कधी बायोसला दिसते पण विंडोजला दिसत नाही, आणि कधी विंडोजला दिसत असूनही तिला ड्राइव्ह लेटर (सी:, डी: असे अक्षर) मिळालेले नसते. एका परिस्थितीवरचा उपाय दुसरीत कामाला येत नाही. बायोसमध्ये डिस्कचा पत्ता नसताना विंडोजचे ड्रायव्हर शोधण्यात वेळ जातो, आणि डिस्क फक्त फॉरमॅट करायची राहिलेली असताना केबलींची उचकाउचक केल्याने असलेली जोडणीही सैल होण्याची शक्यता असते. म्हणून कॅबिनेट पुन्हा उघडण्याआधी डिस्क नेमकी कोणत्या पायरीवर अडली आहे हे ठरवावे.

त्यासाठी बायोस, म्हणजे आजच्या यंत्रांतले यूईएफआय, उघडावे लागते. संगणक सुरू होताना डेस्कटॉपच्या बहुतेक मदरबोर्डवर डिलीट, डेलच्या लॅपटॉपवर एफ२ आणि एचपीच्या लॅपटॉपवर एफ१० ही कळ दाबायची असते. फास्ट बूटमुळे कळ दाबायला उसंतच मिळत नसेल, तर विंडोजमध्ये शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडावे आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने आत जावे. आत गेल्यावर बूट ऑर्डरची यादी पाहून निकाल लावण्याची घाई बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. यूईएफआयच्या बूट यादीत सहसा ऑपरेटिंग सिस्टीमचा बूटलोडर, म्हणजे ती सुरू करणारा छोटा प्रोग्राम, असलेली डिस्कच येते, त्यामुळे कोरी डिस्क तिथे नसणे हे स्वाभाविकच आहे. पाहायची ती ‘स्टोरेज’, ‘साटा कॉन्फिगरेशन’, ‘एनव्हीएमई कॉन्फिगरेशन’ किंवा ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ अशा नावाच्या पानावरची यादी (साटा आणि एनव्हीएमई हे डिस्क जोडण्याचे दोन प्रकार). तिथे डिस्कचा मॉडेल क्रमांक आणि क्षमता बरोबर दिसत असेल, तर वीज, जोडणी आणि डिस्कचा कंट्रोलर यांचे मूलभूत काम होत आहे असे समजावे. मग उरते ते विंडोजमधले काम.

हे काम बहुतेक वेळा अगदी सोपे असते. पेन ड्राइव्ह आणि बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क कारखान्यातूनच फॉरमॅट होऊन येतात, म्हणून त्या लावताक्षणी उघडतात. संगणकाच्या आत बसवायची डिस्क मात्र सहसा पूर्णपणे कोरी येते. तिच्यावर विभाजनाचा तक्ता नसतो, पार्टिशन नसते, त्यामुळे ड्राइव्ह लेटरही नसते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की खालच्या भागात ‘डिस्क १ – अननोन, नॉट इनिशियलाइज्ड’ अशी नोंद आणि तिच्यापुढे काळी पट्टी दिसते. डावीकडच्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘इनिशियलाइज डिस्क’ निवडावे, विभाजनाच्या तक्त्याची पद्धत विचारल्यावर जीपीटी निवडावी, आणि मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ तयार करावे. जीपीटी निवडण्याचे कारण असे की जुन्या एमबीआर पद्धतीत नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते, आणि ४ टीबीच्या डिस्कवर एमबीआर केले तर उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून पडून राहते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर त्यात काही फसवणूक नाही. निर्माता हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसते पण तिच्यापुढे ‘ऑफलाइन’ लिहिलेले असते, असाही प्रकार आढळतो. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर केली आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून ठेवल्या, तर दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज त्यांतली एक बाजूला ठेवते. त्या डिस्कवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडले की विंडोज तिला नवी ओळखखूण देते आणि ती उघडते. मात्र जिच्यावरून पुढे संगणक बूट करायचा आहे तिच्यावर हा प्रयोग करू नये, कारण ओळखखूण बदलल्यावर बूट होण्यात अडचण येऊ शकते. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवून नवीवरून एकदा बूट करून पाहणे हा बरा मार्ग आहे.

एक धोका इथेच सांगायला हवा. डिस्क कोरी नसेल, म्हणजे दुसऱ्या संगणकातून काढलेली, लिनक्स किंवा मॅकवर वापरलेली असेल, तर विंडोज तिला ‘रॉ’ म्हणते किंवा ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी पुढे करते. विंडोजला ती फाइल सिस्टीम वाचता येत नाही, इतकाच त्या खिडकीचा अर्थ असू शकतो. आतला मजकूर हवा असेल तर त्या खिडकीला नकार द्यावा, इनिशियलाइज करू नये, आणि डिस्क जिथे चालत होती त्याच प्रकारच्या यंत्रावर उघडून पाहावी.

याच्याच जवळचा, पण कारण वेगळे असलेला प्रकार म्हणजे विंडोज नव्याने टाकताना डिस्कची यादीच रिकामी येणे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते. ती असली की एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसला तर त्याला डिस्क दिसत नाही, जरी बायोसमध्ये ती व्यवस्थित दिसत असली तरी. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवावा, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ निवडून त्या फोल्डरकडे बोट दाखवावे. उतरवलेली फाइल न उलगडता तशीच ठेवली तर सेटअपला तिच्यातले काही सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र व्हीएमडी चालू असताना टाकलेले विंडोज ते बंद केल्यावर सहसा सुरू होत नाही, म्हणून आधीचे विंडोज राखायचे असेल तर या सेटिंगला हात लावू नये. बायोसमधले साटा चालवण्याचे एएचसीआय आणि रेड हे पर्याय बदलतानाही हीच अडचण येते. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) मालकाच्या नकळत चालू असते आणि बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक रिकव्हरी की मागतो. ती ४८ अंकी की आधीच लिहून घेतली नसेल तर बायोसला हात लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

आता बायोसलाही डिस्क दिसत नसेल तेव्हाचे पाहू. इथे कॅबिनेट उघडण्याला पर्याय नाही. संगणक बंद करून एसएमपीएसचे (वीजपुरवठा करणाऱ्या डब्याचे) मागचे बटण बंद करावे, भिंतीतली पिन काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून आत उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा. लॅपटॉपमध्ये शक्य असल्यास बॅटरीचा कनेक्टर काढावा.

साटाच्या डिस्कला दोन जोडण्या लागतात, १५ पिनांची विजेची आणि ७ पिनांची डेटाची. दोन्ही कनेक्टरांच्या आत इंग्रजी एल अक्षरासारखी प्लास्टिकची जीभ असते. केबल उलटी धरून जोर दिला तर डिस्कवरची ही जीभ मोडते, आणि मग केबल बसल्यासारखी वाटली तरी पिना जागेवर राहत नाहीत. हार्ड डिस्कला वीज मिळते आहे का हे ओळखणे सोपे आहे, कारण संगणक सुरू करताना तिच्या कडेला बोट टेकवले की मोटर फिरू लागल्याची बारीक थरथर जाणवते. एसएसडीत हलणारे काहीच नसल्याने तिच्या बाबतीत विजेची केबल बदलून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

विजेच्या केबलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे झालेली चूक डिस्क कायमची घालवते. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली दोन्ही टोकांना सुट्या होतात. डिस्ककडच्या टोकाची रचना ठरलेली आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक निर्मात्याची वेगळी असते आणि कधीकधी एकाच निर्मात्याच्या दोन मॉडेलांतही ती जुळत नाही. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला बेमालूम बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्कचा सर्किट बोर्ड जळतो. एसएमपीएस बदलला असेल तर त्याच्या सगळ्या केबली त्याच्याच खोक्यातल्या वापराव्यात. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त जोड, विशेषतः ज्यांत तारा ओतीव प्लास्टिकमध्ये गाडलेल्या असतात ते, आत शॉर्ट होऊन वितळतात आणि पेट घेतात, म्हणून तेही टाळावेत.

एक प्रकार मात्र अनुभवी माणसालाही चकवतो. सर्व्हरसाठीच्या काही हार्ड डिस्क आणि बाहेरच्या मोठ्या डिस्कचे कवच फोडून काढलेल्या काही डिस्क साध्या डेस्कटॉपला लावल्या की फिरतच नाहीत, पण दुसऱ्या एखाद्या संगणकावर सुरळीत चालतात. २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ या मानकात विजेच्या कनेक्टरची तिसरी पिन डिस्कची वीज दुरून बंद करण्यासाठी राखली गेली. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसवर त्याच पिनेला ३.३ व्होल्ट येतात, आणि डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते. डिस्कच्या त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या टेपची) बारीक पट्टी चिकटवून ती झाकणे, किंवा ३.३ व्होल्टची तार नसलेला चांगल्या प्रतीचा जोड वापरणे, हे दोन उपाय लागू पडतात.

डेटाच्या केबलीचे काम सोपे आहे: चालू असलेल्या डिस्कची केबल नव्या डिस्कला लावून पाहावी, मग पोर्ट बदलून पाहावे. यातून केबल, पोर्ट आणि डिस्क यांपैकी दोष कोणात आहे ते कळते.

एम.२ च्या छोट्या एसएसडींनी केबलीचा प्रश्न मिटवला आणि त्या जागी गोंधळाचे नवे प्रकार आणले. एम.२ हे केवळ आकाराचे आणि सॉकेटचे नाव आहे. त्याच आकारात साटावर चालणारी डिस्क मिळते आणि पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एनव्हीएमईही मिळते. मदरबोर्डवरचा एखादा सॉकेट दोन्ही चालवतो, एखादा फक्त एनव्हीएमई, आणि काही जुन्या लॅपटॉपमधला फक्त साटा. चुकीच्या प्रकारची डिस्क सॉकेटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, काही जळत नाही, आणि बायोसमध्ये काहीच दिसत नाही. डिस्कच्या सोनेरी टोकाला असलेल्या खाचांवरून थोडा अंदाज येतो. एकच खाच असून तिच्यापलीकडे ५ पिना उरत असतील तर ती एम-की, आणि अशी डिस्क जवळपास नेहमी एनव्हीएमई असते. दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते, पण काही एनव्हीएमई डिस्कनाही दोन खाचा असतात, त्यामुळे खाच पाहून पैज लावू नये. डिस्कच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतला त्या सॉकेटचा तपशील ताडून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

ही पुस्तिका उघडलीच आहे तर तिच्यातल्या तळटीपाही वाचाव्यात, कारण न दिसणाऱ्या डिस्कचे उत्तर पुष्कळदा तिथे बारीक अक्षरांत छापलेले असते. एम.२ च्या अमुक सॉकेटमध्ये डिस्क लावल्यास साटाचे पाचवे व सहावे पोर्ट बंद होतील, अशा अर्थाची ओळ अनेक मदरबोर्डांच्या पुस्तिकेत सापडते. नवी एम.२ डिस्क दिसू लागली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, तर कारण हेच, आणि उपाय म्हणजे हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात हलवणे. इंटेलच्या झेड५९० आणि बी५६० चिपसेटच्या मदरबोर्डांवर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ सॉकेट फक्त अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर चालतो. त्याच मदरबोर्डवर दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसवला असेल तर तो सॉकेट मृतवत राहतो. असेंबल केलेल्या संगणकांत ही जोडी बऱ्यापैकी आढळते, आणि नेमका तोच सॉकेट प्रोसेसरजवळ, सगळ्यात सोयीच्या जागी असल्याने डिस्क प्रथम तिथेच बसवली जाते.

आता बसवण्याची रीत. एम.२ डिस्क सॉकेटमध्ये सुमारे ३० अंशांच्या कोनात तिरकी सरकवायची असते. ती पूर्ण आत गेली की सोनेरी पिनांचा जेमतेम एक धागा बाहेर दिसतो आणि हात सोडल्यावर ती स्वतःच तिरकी उभी राहते. मग दुसरे टोक खाली दाबून स्क्रू लावायचा. पिनांची एक-दोन मिलिमीटरची सोनेरी पट्टी दिसत असतानाच टोक दाबून स्क्रू आवळला, तर डिस्क बसल्यासारखी दिसते पण काही पिना टेकत नाहीत. स्क्रूखालचा पितळी खुंट डिस्कच्या लांबीप्रमाणे योग्य भोकात हलवावा लागतो. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, २२४२ म्हणजे ४२ मिमी लांब. खुंट चुकीच्या जागी, डिस्कच्या पोटाखाली राहिला तर डिस्क मधोमध वाकते. रॅम न चालल्यास तिच्या पिना खोडरबराने घासण्याची जुनी सवय आपल्याकडे घराघरांत आहे. नव्या डिस्कवर तो प्रयोग करू नये, कारण तिच्या पिना स्वच्छच असतात आणि रबराचा भुगा सॉकेटमध्ये जाऊन नवी अडचण निर्माण करतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवायची आणि तिच्यात दुसरी डिस्क घालायची, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत मिळते. चुकीची घेतली तर आतला कनेक्टर वर किंवा खाली राहतो आणि पूर्ण जुळत नाही. काही कॅडींच्या कडेला सूक्ष्म स्विच असतो. लॅपटॉप त्या जागी डीव्हीडी ड्राइव्हची अपेक्षा करत असल्याने डिस्क न दिसल्यास तो स्विच दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावा. एसएसडी हार्ड डिस्कच्या मूळ जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत, अशीच मांडणी करावी, कारण कॅडीतल्या डिस्कवरून बूट होण्यात पुष्कळ लॅपटॉप कुरकुर करतात.

साधारण २०१४ पूर्वीच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचे कार्ड घेऊन एनव्हीएमई डिस्क बसवली, तर बायोसला ती ओळखू येत नाही, पण विंडोज ८.१ आणि त्यानंतरच्या विंडोजला ती दिसते. तिच्यावर फाइली ठेवता येतात, मात्र तिच्यावरून बूट करता येत नाही. अशा यंत्राला बूटसाठी साटाची एसएसडीच घ्यावी. तीही जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत एवढी जलद असते की जास्तीच्या खटपटीला अर्थ उरत नाही.

डिस्क कधी दिसते आणि कधी नाहीशी होते, ही तक्रार वेगळ्या रीतीने हाताळावी लागते, कारण दुरुस्त झाले की नाही हे लगेच कळत नाही. साटा डिस्कच्या बाबतीत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये सी७ क्रमांकाची ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट’ ही नोंद पाहावी. केबलीतून जाताना डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, आणि एकदा वाढलेला आकडा पुन्हा कमी होत नाही. म्हणून आकडा शून्य नाही एवढ्यावरून घाबरू नये. तो लिहून ठेवावा, केबल बदलावी, आठवडाभर नेहमीसारखा वापर करावा आणि पुन्हा पाहावा. आकडा थांबला तर दोष केबलीचाच होता. वाढतच राहिला तर पोर्ट बदलावे, आणि एका विजेच्या केबलीवर जोड लावून चार-पाच डिस्क लटकवल्या असतील तर त्या वेगवेगळ्या केबलींवर वाटाव्यात. एनव्हीएमईला ही नोंद नसते. तिच्या बाबतीत मदरबोर्डचे बायोस आणि डिस्कचे फर्मवेअर (तिच्यातला अंतर्गत प्रोग्राम) अद्ययावत करणे व डिस्क काढून पुन्हा नीट बसवणे एवढे करता येते.

हे सगळे करूनही बायोस गप्प राहिला तर डिस्क दुसऱ्या यंत्रात किंवा यूएसबी एनक्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत) लावून पाहावी. एनक्लोजरही साटाचे आणि एनव्हीएमईचे वेगळे असते, आणि ३.५ इंची हार्ड डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागत असल्याने फक्त यूएसबीच्या विजेवरच्या जोडाने ती फिरत नाही. डिस्क दुसरीकडे चालली तर दोष आपल्या मदरबोर्डकडे आहे. दुसरीकडेही दिसली नाही, किंवा मॉडेलच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ असे काही दिसू लागले, तर डिस्कच्या कंट्रोलरला आपले फर्मवेअर उचलता आलेले नाही असे समजून ती वॉरंटीत परत करावी. देण्याआधी लेबलवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवावा, लेबल सोलू नये, आणि बदलून मिळणारी डिस्क दुकानातच एखाद्या यंत्राला लावून तिचा मॉडेल क्रमांक व क्षमता आपल्यासमोर दाखवायला सांगावे.